दुर्लक्षित बँडचा माग काढताना

बेळगाव

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद.

इंडी फोक (लोकगीतांच्या वळणाचे, मोठ्या कंपन्यांबाहेरचे संगीत) आणि ड्रीम पॉप (प्रतिध्वनींत बुडालेले, स्वप्नाळू गिटार-संगीत) यांमधले विस्मरणात गेलेले बँड शोधण्याची आवड तुला लागली आहे, हे वाचून मला मनापासून आनंद झाला. तू पाठवलेली लांबलचक यादीही पाहिली. ती पाहताना एक गोष्ट सर्वांत आधी सांगावीशी वाटली: एखादा बँड फार कोणी ऐकलेला नाही, एवढ्यावरून तो थोर ठरत नाही. त्याच्याकडे दुर्लक्ष का झाले, हे तू आधी शोधून काढ. ते कारण बहुधा संगीताच्या बाहेरचे असते, आणि ते एकदा कळले की त्याची दया किंवा अपूर्वाई बाजूला ठेवून तुझ्या कानांना स्वतःचा निवाडा करता येतो.

स्लोडाइव्ह हा इंग्लंडमधल्या रेडिंगच्या तरुणांचा बँड. त्यांचा ‘सूव्लाकी’ हा अल्बम १९९३ साली आला, तेव्हा तिथल्या संगीत-साप्ताहिकांचा ओढा ठसठशीत चालींच्या ब्रिटपॉपकडे वळू लागला होता आणि गिटारच्या धुक्यात बुडालेले हे आवाज त्यांना नकोसे झाले होते. १९९५ साली ‘पिग्मॅलियन’ हा पुढचा अल्बम निघाल्यावर त्यांच्या ध्वनिमुद्रण कंपनीने त्यांच्याशी असलेला करार संपवला. अमेरिकेतल्या गॅलेक्सी ५०० या तिघांच्या बँडची गोष्ट निराळी आहे. १९८८ ते १९९० या काळात त्यांनी तीन अल्बम केले, १९९१ साली ते विभक्त झाले आणि त्याच वर्षी त्यांची कंपनी रफ ट्रेड दिवाळखोरीत गेल्याने त्यांच्या मूळ ध्वनिफिती लिलावात निघाल्या. त्या बँडच्याच सदस्यांनी विकत घेतल्या म्हणून हे संगीत आज आपल्यापर्यंत पोहोचते आहे. पहिल्या बँडला बदललेल्या अभिरुचीने मागे टाकले, दुसऱ्याच्या संगीतावर जप्तीची वेळ आली. दोन्हींना ‘उपेक्षित’ हे एकच विशेषण लावून तू पुढे जाऊ नयेस, असे मला वाटते.

आता शोधायचे कसे? ॲप सुचवील ते ऐकत गेल्यास तेच ते आवाज पुन्हा पुन्हा समोर येतात, हा तुझा अनुभव खरा आहे. त्यापेक्षा अल्बमवर बारीक अक्षरांत छापलेली नावे वाचण्याची सवय लाव. जुन्या अल्बमची श्रेयनामावली डिस्कॉग्ज या संकेतस्थळावर बहुतेक वेळा सापडते. व्हॅश्टी बन्यन या इंग्रज गायिकेचा १९७० सालचा पहिला अल्बम घे. तो खपला नाही आणि तिने गाणे जवळजवळ तीस वर्षे सोडून दिले. २००० साली तो पुन्हा निघाला, तेव्हा नव्या पिढीच्या गायकांनी तो उचलून धरला आणि २००५ साली तिचा दुसरा अल्बम आला. एवढे सगळेच सांगतात. तू मात्र त्या पहिल्या अल्बमचा निर्माता जो बॉइड आणि त्यातल्या काही गाण्यांची वाद्यरचना करणारा रॉबर्ट कर्बी, या दोन नावांपाशी थांब. हीच दोन नावे तुला निक ड्रेक या इंग्रज गायकाच्या १९६९ सालच्या पहिल्या अल्बमवर भेटतील, आणि तंतुवाद्यांचा तो संयत, गायकाच्या श्वासाला जागा देणारा वापर कोणाच्या हातचा आहे हे तुझे कान ओळखू लागतील. एका माणसाचा हात ओळखता आला की पुढची वाट तोच दाखवतो.

अशाच वाटेने ड्रीम पॉप आणि फोक यांचे नातेही उलगडते. स्लोडाइव्हमधल्या नील हॉलस्टेड आणि रेचेल गॉसवेल यांनी पुढे मोहावी ३ हा बँड काढला, आणि प्रतिध्वनींचे थर उतरवल्यावर त्याच गळ्यांखाली किती साधी लोकगीताची चाल होती, हे त्यात स्पष्ट ऐकू येते.

शब्द नीट कळत नाहीत, अशी तुझी तक्रार आहे. या प्रकारच्या संगीतात गायकाचा आवाज मुद्दामच गिटारच्या पातळीला, कधी त्याखाली ठेवलेला असतो. मोबाईलच्या स्पीकरवर ते सगळे एकमेकांत मिसळून सपाट होते, म्हणून बरे हेडफोन वापर आणि अल्बम सलग, त्याच्या क्रमाने ऐक. शब्दांची फार चिंता करू नकोस. आपण सीमाभागातली माणसे धारवाडची कन्नड आणि सांगलीची मराठी अशी दोन्ही आकाशवाणी केंद्रे ऐकत वाढलो. भीमसेन जोशींचे अभंग आणि त्यांचीच कन्नड दासवाणी (हरिदासांची भक्तिपदे) ज्या घरांत सारख्याच भक्तीने ऐकली जाई, त्या घरांत प्रत्येकाला दासवाणीचा प्रत्येक शब्द कळत होता असे नाही. तरी कोणत्या ओळीला आर्तता आहे हे लहान मुलांनाही उमगत असे. हा सराव तुझ्याकडे जन्मापासून आहे, आणि कॉक्टो ट्विन्स या ड्रीम पॉप बँडच्या गायिका एलिझाबेथ फ्रेझरचे गाणे ऐकताना तो तुला फार उपयोगी पडेल, कारण तिचे शब्द इंग्रजांनाही अनेकदा लागत नाहीत.

या महिन्यात यादीतली बाकीची नावे बाजूला ठेव. आधी ‘पिग्मॅलियन’ ऐक, मग मोहावी ३ चा त्याच वर्षी आलेला पहिला अल्बम, आणि दोन्हींत गॉसवेलचा आवाज कुठे उभा केला आहे, त्याच्याभोवती किती मोकळी जागा सोडली आहे, हे मला सविस्तर लिहून कळव. इतरांनी काय लिहिले आहे ते तोवर वाचू नकोस.

तुझा शुभचिंतक