शॅकवरची नेपाळी मुलं: उचल, पगार आणि दुबईचा व्हिसा

तुमचा प्रश्न असा: गोव्यातल्या मोरजीच्या शॅकवर (किनाऱ्यावरच्या तात्पुरत्या हॉटेलात) ऑक्टोबरपासून चार नेपाळी मुलं ठेवायची आहेत, मुकादम म्हणतो पगार मेमध्ये एकरकमी माझ्या हातात द्या, आणि त्यातला एक मधेच दुबईला जाईन म्हणतोय.

एकरकमी देऊ नका, आणि मुकादमाच्या हातात तर नाहीच. 1950 च्या भारत-नेपाळ करारामुळे नेपाळी माणसाला इथे काम करायला परवाना लागत नाही. सोय मोठी आहे, पण म्हणूनच त्याच्या नावाचा कागद कुठे होत नाही. काम, पगार, देणं सगळं मुकादमाच्या वहीत.

आधी प्रत्येकाला एकट्याला विचारा: उचल किती, व्याज किती? नेपाळच्या डोंगरी गावांत सावकाराचा दर शेकडा तीन दरमहा असणं नवल नाही. 40,000 नेपाळी रुपयांवर महिन्याला 1,200, म्हणजे आठ महिन्यांच्या सीझनमध्ये 9,600 नुसतं व्याज. आपले 100 म्हणजे त्यांचे 160, तेव्हा ते मुद्दल फेडायला आपले 25,000 पुरतात. पहिल्या दोन पगारांतच ते फिटू शकतं, पण पगार दरमहा मिळाला तरच. 2006 च्या शांतता करारानंतर नेपाळ बऱ्याच अंशी अशा बाहेरून आलेल्या पैशावर तगलाय; राष्ट्रीय उत्पन्नाच्या चौथाईच्या आसपास तोच. आपल्या तारवट्यांच्या (बोटीवर कामाला असलेल्यांच्या) घरी अलॉटमेंट, म्हणजे पगारातला घरचा वाटा, दरमहा येते ना, तसंच हे.

पैसे पाठवायला एनईएफटीची सोय असलेल्या बँकेत ‘इंडो-नेपाळ रेमिटन्स’ मागा. खात्यातून एका वेळी 2 लाखांपर्यंत जातात; रोख भरले तर एका वेळी 50,000 आणि वर्षातून 12 वेळा. काउंटरवरच्या पोराला हे माहीत नसलं तर मॅनेजरकडे जा. अडतं ते नावाच्या स्पेलिंगवर. घरच्या माणसाच्या नागरिकता प्रमाणपत्राचा फोटो मागवा. मराठी वाचणाऱ्याला तो सरळ वाचता येतो. इंग्रजी स्पेलिंग मात्र तिकडच्या पासबुकावरचंच घ्या, ‘बहादुर’ गाळू नका. मुलाचं स्वतःचं प्रमाणपत्रही बघा. त्यावर जन्मतारीख विक्रम संवतात असते: वैशाखापासून पौषाच्या मध्यापर्यंत 57 वजा करा, पुढे 56. वैशाख 2058 म्हणजे एप्रिल-मे 2001. वय 18 च्या आत निघालं तर ठेवू नका.

भाडेकरू पडताळणीचा फॉर्म पोलिसांत द्या. दहा किंवा जास्त कामगार असतील आणि पगार 21,000 पर्यंत असेल तर ईएसआयमध्ये (कर्मचारी राज्य विमा योजनेत) नाव घाला. कमी असतील तर निदान अपघात विमा काढा. शॅकच्या किचनमध्ये गॅसचा भडका, उकळतं तेल, ओली फरशी, काय नसतं!

राहिला दुबईवाला. आखातात जायला नेपाळ सरकारची श्रम स्वीकृती, म्हणजे परदेशी कामाचा परवाना, लागते, भारतात यायला लागत नाही. हा फरक वापरून एजंट मुलांना दिल्ली-मुंबईहून व्हिजिट व्हिसावर चढवतात. मग तिथे काही झालं तर घरच्यांना नेपाळ सरकारच्या कल्याण निधीतून काही मिळत नाही. नेपाळच्या 2015 च्या नियमाप्रमाणे आखातासाठी व्हिसा आणि तिकीट आखातातल्या मालकाने द्यायचं. एजन्सीला जास्तीत जास्त 10,000 नेपाळी, म्हणजे आपले 6,250. त्याला विचारा, एजंटने किती मागितले? लाखाचा आकडा आला तर त्याला सांगा, आधी गावी जाऊन श्रम स्वीकृती काढ, मग तिकीट बघू.