कुणी प्रसिद्ध माणूस अचानक समोर आला तर

अरे, पहिल्यांदा असं कुणी दिसलं की आपला हात आधी मोबाईलकडे जातो, तोच आवर. आधी बघ ते काय करतायत. जेवत असतील, फोनवर असतील, सोबत लहान मूल असेल तर सरळ सोडून दे, खरंच. मी एकदा एका नावाजलेल्या नटाला जेवताना गाठलं आणि तो सगळ्यांसमोर असा खेकसला की पुढे कित्येक महिने त्याचं काम बघवलं नाही, पण चूक माझीच होती, तोंडात घास होता त्याच्या.

मोकळे दिसले तर जवळ जा, नाव सांग आणि त्यांचं एखादं नेमकं काम सांग जे तुला मनापासून आवडलंय. नुसतं 'मी तुमचा फॅन' हे ते रोज ऐकतात. एका गायिकेला मी तिच्या एका जुन्या गाण्यातल्या आलापाबद्दल बोललो तर ती स्वतःच थांबून दहा मिनिटं बोलत राहिली, आजही आठवलं की बरं वाटतं. सेल्फी विचारून मगच, आणि कॅमेरा आधीच उघडून ठेव. सही हवी असेल तर चकचकीत फोटोवर बॉलपेन नीट उठत नाही, पर्मनंट मार्कर लागतो. नाही म्हणाले तर थँक्यू म्हणून लगेच बाजूला हो.