नोनोग्राममध्ये अंदाजपंचे नको

नोनोग्राममध्ये, म्हणजे आकड्यांवरून घरं रंगवून चित्र उलगडायच्या कोड्यात, तुझी तिन्ही हृदयं (चुका करायच्या संधी) गेली म्हणून वैतागू नकोस, पण तू कोडं सोडवत नाहीयेस, मटका लावतोयस. मांजर दिसतंय म्हणून कान काढून मोकळा झालास आणि तिथेच फसलास. चित्राकडे बघूच नकोस, आकडे बघ.

समज, 10 घरांची ओळ आहे आणि आकडे 4 आणि 3, म्हणजे आधी सलग 4 रंगीत घरांचा गट, मग निदान एक रिकामं घर सोडून सलग 3 चा. दोन गट आणि मधलं एक रिकामं घर मिळून झाली 8, उरली 2. म्हणजे कुठलाही गट फार तर दोन घरं सरकेल. मग 4 च्या गटातली दोन आणि 3 च्या गटातलं एक घर पक्कं: तिसरं, चौथं आणि आठवं. तेवढंच रंगव आणि उभ्या ओळींकडे वळ. (मी अजून बोटांवर मोजतो, लाज कसली!)

रिकामं ठरलेल्या घरावर फुली मारच. नवखे इथेच आळस करतात. 1995 च्या 'मारिओज पिक्रॉस' या नोनोग्रामच्या व्हिडिओ गेममध्ये चुकलं की वेळ कापला जायचा, म्हणजे चूक निदान लगेच कळायची. कागदावर ती वीस मिनिटांनी भलत्याच कोपऱ्यात उगवते, आणि मग खोडरबर घेऊन बस.

अडलास तर नुकत्याच भरलेल्या घरांना छेदणाऱ्या ओळी पुन्हा तपास. बहुतेक वेळा तिथेच काहीतरी सुटलेलं असतं.