दाताला लागते ती कीड कुठली?

खानापूर तालुक्यातल्या एका मराठी शाळेतल्या बाईंचा प्रश्न आहे. शाळेत बेळगावहून दाताचे डॉक्टर तपासणीला येणार आहेत, म्हणून त्यांनी फलक लिहायला घेतला आणि मथळा दिला, 'दातांना कीड कशी लागते?' एक सहकारी गुरुजी म्हणाले, 'कीड' हा अडाणी शब्द आहे, 'दंतक्षय' लिहा. शेजारच्या कन्नड शाळेतल्या बाई म्हणाल्या, आमच्यात 'हुळुकु हल्लु' म्हणतात आणि 'हुळु' म्हणजे किडाच. मग आपली 'कीड' कन्नडवरून आली का? शिवाय दात आणि दाढ असे दोन वेगळे शब्द का, हेही त्यांना हवं आहे.

बाई, आधी कन्नडचं बघू. 'कीड' कन्नडमधून आलेला नाही. संस्कृतातला 'कीट' प्राकृतात 'कीड' झाला आणि तसाच मराठीत उतरला. दोन स्वरांमधल्या 'ट'चा 'ड' होणं ही आपल्याकडची नेहमीची वाट आहे: घट-घडा, वट-वड, कटु-कडू. कन्नड 'हुळु'चं कूळ निराळं. जुन्या कन्नडमध्ये तो 'पुऴु' होता, तमिळमध्ये आजही 'पुऴु' आहे. कन्नडमध्ये पुढे शब्दारंभीच्या 'प'चा 'ह' झाला, म्हणून 'पुलि' (वाघ) 'हुलि' झाला, 'पाल्' (दूध) 'हालु' झाला आणि 'पल्' (दात) 'हल्लु' झाला. म्हणजे 'हुळुकु हल्लु' या जोडीतले दोन्ही शब्द द्रविड घरचे आणि आपले 'कीड' नि 'दात' संस्कृत-प्राकृत घरचे.

आपल्या भागात शब्दांची देवघेव झालीच नाही असा याचा अर्थ नव्हे. पानाच्या डब्यातला 'अडकित्ता' कन्नडमधून आला, त्यात 'अडके' म्हणजे सुपारी बसलेली आहे. म्हणी तर दोन्ही घरांत सारख्या नांदतात. आपण म्हणतो, 'दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत'. चिकोडी-हुक्केरीकडची कन्नड आजी म्हणते, 'हल्लिद्दाग कडले इल्ल, कडले इद्दाग हल्लिल्ल'. किडलेल्या दाताच्या बाबतीत मात्र शब्द उसना घेतलेला नाही. दोन्ही भाषांनी आपापल्या शब्दांत एकच समजूत सांगितली आहे: दाताला भोक पडलं म्हणजे आत काहीतरी वळवळणारं बसलं आहे.

ही समजूत आपल्या दोन भाषांपुरती नाही. जपानीत किडलेल्या दाताला 'मुशिबा' म्हणतात, 'मुशि' म्हणजे किडा. चीनमध्ये शांग या प्राचीन राजघराण्याच्या काळातल्या हाडांवरच्या लेखांत दंतरोगाचं जे चिन्ह सापडतं, त्यात दातात चक्क अळी काढलेली आहे. फारसीत दात 'किर्म'ने खाल्ला असं म्हणतात आणि हा 'किर्म' म्हणजे आपल्या संस्कृत 'कृमि'चा सख्खा भाऊ.

सगळ्यात हृद्य नमुना मेसोपोटेमियातल्या मातीच्या पाटीवर आहे. दातदुखीवरचा तो मंत्र आहे. आकाश झालं, पृथ्वी झाली, नद्या, कालवे आणि चिखल झाला, चिखलातून अळी जन्मली. ती रडत देवांपुढे गेली, मला खायला काय देता म्हणाली. देवाने पिकलेलं अंजीर देऊ केलं, ते तिने नाकारलं. मला दात आणि हिरडी यांच्यामध्ये राहू द्या, असं मागणं तिने मागितलं. मंत्राच्या शेवटी तिला शाप आहे आणि औषधाची कृतीही आहे. हा मंत्र इसवी सनापूर्वी ५००० चा आहे असं बऱ्याच ठिकाणी छापलेलं दिसतं. ते शक्य नाही, कारण तिथली लिहिण्याची कलाच इसवी सनापूर्वी ३२०० च्या सुमाराची. तरीही तो पुरेसा जुना आहे, आणि ठणकणाऱ्या दाताने रात्र काढलेल्या माणसाला ती अळी आजही खोटी वाटणार नाही.

माणसाने दाताला हात घातला तो लिपीच्याही फार आधी. बलुचिस्तानातल्या मेहरगढच्या जुन्या दफनभूमीत गारगोटीच्या टोकाने कोरलेल्या ११ दाढा सापडल्या, ९ माणसांच्या. त्या सुमारे ७५०० ते ९००० वर्षांपूर्वीच्या आहेत, आणि २००६ मध्ये त्यांच्यावरचं संशोधन प्रसिद्ध झालं. कोरलेल्या कडा झिजलेल्या आहेत, म्हणजे ही माणसं नंतरही त्या दाढांनी जेवत होती. त्या लोकांकडे या दुखण्याला कुठला शब्द होता, हे कळायला आता मार्ग नाही; मला त्याची फार हळहळ वाटते.

आपल्याकडे लेखी शब्द मिळतो तो सुश्रुतसंहितेत: 'कृमिदन्तक'. सुश्रुताने तोंडाचे ६५ रोग सांगितले आणि त्यांतले ८ खास दातांचे. त्या आठांत कृमिदन्तक आहे: दात काळा पडतो, त्याला छिद्र पडतं, तो हलतो, स्रवतो, सुजतो आणि काही कारण नसताना भयंकर ठणकतो. आता गंमत बघा. नावात कृमी आहे, पण कारण सांगताना सुश्रुत वाताचं नाव घेतो. नाव लोकांच्या तोंडचं राहिलं आणि शास्त्रकाराने त्याला आपली उपपत्ती जोडली. तुमचे सहकारी गुरुजी आणि तुम्ही यांच्यातला वाद इतका जुना आहे!

उपचारही धडधडीत व्यवहारी आहे. दात हलत असेल तर उपटावा आणि जागा डागावी, असं सुश्रुत सांगतो. त्याच्या २० शस्त्रांच्या यादीत 'दन्तशंकु' हे दातांसाठीचं स्वतंत्र हत्यार आहे. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात पोकळी गुळाने किंवा मेणाने भरून मग डागायला सांगितलं आहे. आज निपाणीतला माणूस 'दाढेत सिमेंट भरून आलो' म्हणतो, ती भरण्याची कल्पना अशी ग्रंथात नोंदलेली आहे.

मग कीड खरंच कुणी पाहिली होती का? लोक शपथेवर सांगत, पाहिली म्हणून. याचं कारण धुरी. इकडे भुईरिंगणीच्या बिया निखाऱ्यावर टाकून नळीने दाताला धूर देत, युरोपात खुरासानी ओव्याचं (ही विषारी वनस्पती, आपला खायचा ओवा नव्हे) बी जाळत. रोमन वैद्य स्क्रिबोनियस लार्गस याने पहिल्या शतकातच ही धुरी लिहून ठेवली आहे. धूर घेतल्यावर तोंड पाण्याने खळखळून भांड्यात चूळ टाकायची, की पांढऱ्या बारीक अळ्या तरंगताना दिसत. दुखणंही काही वेळ थांबे, कारण खुरासानी ओव्यात बधिर करणारी द्रव्यं असतात. डोळ्यांनी अळी दिसली, ठणका कमी झाला. विश्वास बसायला आणखी काय लागतं?

१७५७ मध्ये जर्मनीतल्या रेगेन्सबुर्गच्या याकोब क्रिस्टियान शेफर याने पुस्तकच लिहिलं, त्याचं नाव 'दातांतल्या काल्पनिक अळ्या' अशा अर्थाचं आहे. त्या अळ्या म्हणजे उष्णतेने फुटलेल्या बियांमधले वळलेले अंकुर, हे त्यात दाखवलं आहे. त्याच्या आधी १७२८ मध्ये पॅरिसच्या पियेर फोशार याने दंतवैद्यकावरचा दोन खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला होता. सूक्ष्मदर्शकातून किडके दात पाहूनही मला अळी आढळली नाही, असं तो त्यात स्पष्ट सांगतो. आजच्या दंतवैद्यकाची सुरुवात त्याच्यापासून धरतात, कारण बाजारात बसून दात उपटणाऱ्यांच्या गुपितांना त्याने अभ्यासाचं रूप दिलं.

खरं कारण कळायला आणखी दीडशे वर्षं गेली. हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावच्या लेव्हेनहूकने १६८३ मध्ये स्वतःच्या दातांवरचा पांढरा थर काचेखाली धरून त्यात हलणारे जीव पाहिले होते, पण त्यांचा किडण्याशी संबंध तेव्हा कुणी लावला नाही. तो लावला विलोबी मिलर या अमेरिकन संशोधकाने, बर्लिनमध्ये काम करताना. १८९० च्या त्याच्या ग्रंथात सांगितलं आहे की तोंडातले जिवाणू दातांवर चिकटलेलं गोड आणि पिठूळ अन्न आंबवतात, त्यातून आम्ल तयार होतं आणि ते आम्ल दाताचं कठीण कवच विरघळवतं. यातल्या मुख्य जिवाणूंपैकी एकाला, स्ट्रेप्टोकोकस म्युटन्सला, १९२४ मध्ये क्लार्कने ओळखलं. म्हणजे दात कुणी कुरतडत नाही, तो विरघळतो.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे येतो. एवढं सगळं कळल्यावर 'कीड' शब्द टाकावा का? माझं स्पष्ट मत आहे, टाकू नये. मराठीत 'किडा' वेगळा आणि 'कीड' वेगळी. हिंदीत दाताला 'कीड़ा' लागतो. मराठीत कुणी 'दाताला किडा लागला' म्हणत नाही, 'कीड लागली' म्हणतात. आपली 'कीड' स्त्रीलिंगी आणि समूहवाचक आहे. जोंधळ्याला कीड लागते, ऊसावर कीड पडते, कारभारालाही कीड लागते, आणि या शेवटच्या कीडेला पाय नसतात हे सगळ्यांना ठाऊक असतं. 'किडणे' हे क्रियापद तर आतून पोखरलं जाण्याचं, नासण्याचं झालं आहे. प्राणी मागे राहिला आणि अवस्था पुढे आली. डॉक्टरांच्या लॅटिन 'केरीज'चा अर्थही कुजणं, पोखरलं जाणं एवढाच.

'दंतक्षय' चुकीचा नाही. पाठ्यपुस्तकात, अहवालात तो शोभतो. पण आपल्या गावांत 'क्षय' म्हटलं की माणसाला टीबी आठवतो. पोराने घरी जाऊन 'मला दंतक्षय आहे' सांगितलं तर आजीच्या पोटात गोळा येईल. 'दाढ किडलीय' म्हटल्यावर तिला लगेच कळेल. अडाणीपणा शब्दात नाही. बाजारात 'कीड काढून देतो' म्हणणाऱ्यावर विश्वास टाकण्यात तो आहे, आणि मशेरीने कीड मरते म्हणून तंबाखूची पूड हिरड्यांवर घासण्यात आहे. निपाणीच्या तंबाखूपट्ट्यात हे वेगळं सांगावं लागू नये, पण लागतं. मशेरीने कीड मरत नाही, तोंडाचा कर्करोग होण्याचा धोका मात्र वाढतो.

फलकावर एक गोंधळ टाळा. दातांवर पिवळट-काळपट चढतं ते 'किटण'. ऐकायला 'कीड'चं भावंड वाटतं, पण ते संस्कृत 'किट्ट' म्हणजे मळ, गंज यावरून आलं आहे; कीटकाशी त्याचं नातं नाही. सुश्रुत त्याला 'दन्तशर्करा' म्हणतो, दातावर साखरेसारखं खरखरीत जमतं म्हणून. कीडेने दाताला भोक पडतं, किटणाने हिरड्या सुजतात आणि रक्त येतं. दोन्ही नावं मुलांना वेगळी शिकवा.

दात-दाढेचं थोडक्यात सांगतो. 'दात' आला 'दन्त'वरून, 'दाढ' आली 'दंष्ट्रा'वरून, मधे प्राकृत 'दाढा'. संस्कृतात दंष्ट्रा म्हणजे चावायचा लांब, अणकुचीदार दात, रानडुकराचा असतो तसा. मराठीत तो शब्द तोंडात मागे सरकला आणि दळणाऱ्या दातांना चिकटला. पुढच्या टोकदार दातासाठी शूलावरून 'सुळा' आला, आणि समोरच्या चपट्या दातांना सुताराच्या हत्यारावरून 'पटाशीचे दात' म्हणू लागले. 'दाढी'सुद्धा याच घरची, मनुस्मृतीत ती 'दाढिका' म्हणून भेटते. 'अक्कलदाढ' मात्र अर्धी अरबी. अरबीतही तिला अकलेचीच दाढ म्हणतात, लॅटिनमध्येही शहाणपणाचा दात.

'दंतवैद्य' की 'दाताचे डॉक्टर' असं तुम्ही विचारलेलं नाही, पण फलकावर ते लागेल. दंतवैद्य शब्द सुंदर आहे, पण तपासणीला येणार त्यांना आपल्याकडे सगळे दाताचे डॉक्टरच म्हणतात, तेच लिहा. हा स्वतंत्र पदवीचा व्यवसाय झाला त्याला फार काळ लोटलेला नाही. जगातलं पहिलं दंत महाविद्यालय १८४० मध्ये अमेरिकेत बाल्टिमोरला निघालं. भारतात ते काम डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी १९२० मध्ये कलकत्त्यात सुरू केलं. १९४८ च्या कायद्याने दंतवैद्यांची नोंदणी आली. त्या नोंदवहीचे दोन भाग होते: 'अ' पदवीधरांचा आणि 'ब' पदवी नसलेल्या, पण काही वर्षं हाच धंदा करत आलेल्यांचा. बाजारातल्या हाताला दवाखान्यात आणणारी ही तरतूद मला फार समजूतदार वाटते. बेळगावात केएलई या शिक्षणसंस्थेचं दंत महाविद्यालय १९८५ चं, आणि पुढे मराठा मंडळाचंही निघालं. तुमच्या शाळेतल्या मुलांच्या आजोबांना दात दाखवायला एवढं जवळ ठिकाण नव्हतं.

मथळा तुमचाच ठेवा, 'दातांना कीड कशी लागते?' खाली एवढं लिहा: 'गोड आणि चिकट खाणं दातांवर राहिलं की तोंडातले जिवाणू त्याचं आम्ल करतात. त्या आम्लाने दात विरघळतो आणि भोक पडतं. यालाच दात किडणे, म्हणजेच दंतक्षय म्हणतात. दातात अळी नसते.' गुरुजींचा शब्दही त्यात आला. त्याखाली कन्नड लिपीत 'हुळुकु हल्लु' शेजारच्या बाईंकडून लिहून घ्या, कारण तपासणीला येणाऱ्या डॉक्टरांपैकी काहींना तोच शब्द आधी सुचेल आणि आपली मुलं दोन्ही ऐकतच वाढलेली आहेत.