सिल्व्हर लॅब्रॅडॉरला खरंच मान्यता आहे का?

नाही, सिल्व्हर हा लॅब्रॅडॉरचा मान्यताप्राप्त रंग नाही. अंधेरीतला ब्रीडर (कुत्र्यांची पैदास करून विकणारा) सिल्व्हर पिल्लासाठी ‘रेअर कलर’ म्हणून दुप्पट पैसे मागतोय असं तुम्ही म्हणता, ते मुळीच देऊ नका. या जातीच्या स्टँडर्डमध्ये, म्हणजे जातीचा कुत्रा कसा असावा हे ठरवणाऱ्या लेखी नियमांत, काळा, पिवळा आणि चॉकलेट असे ३च रंग आहेत. सिल्व्हर पिल्लू जनुकीयदृष्ट्या चॉकलेटच असतं. आई आणि वडील दोघांकडून रंग फिका करणारं जनुक आलं की चॉकलेटी केसांवर राखाडी झाक येते. अमेरिकन केनेल क्लब ही कुत्र्यांची नोंदणी करणारी संस्थाही त्याची नोंद चॉकलेट म्हणूनच करतो. त्यामुळे ब्रीडरने नोंदणीचं सर्टिफिकेट दाखवलं तरी ती कुत्र्याच्या वंशाची नोंद असते, रंगाला मिळालेली मान्यता नव्हे. नव्या रंगाला मान्यता मिळायची तर स्टँडर्डच बदलावं लागतं.

मात्र कुत्र्याला डॉग शोमध्ये उतरवायचं नसेल, नुसतं घरी पाळायचं असेल, तर रंगाने काही अडत नाही. फक्त पिल्लाच्या आई-वडिलांची पाठ हात फिरवून बघा. या फिक्या रंगाच्या काही कुत्र्यांचे केस पुढे विरळ होतात, कातडी कोरडी पडून कोंडा धरते.