भाच्यांना पहिली भुताची गोष्ट सांगताना

सुट्टीला पोरं आली, म्हणजे मामा म्हणून गोष्टी आता तुझ्याकडे आल्या. घाबरू नकोस, ते काम पोरांचं.

सुरुवात चकव्यापासून कर. हडळ, खवीस पुढच्या सुट्टीला. चकवा मारत नाही, नुसती वाट चुकवतो. रात्रभर चालून माणूस पहाटे परत त्याच बांधावर. आमचा आज्जा मिरजेच्या बाजारातून येताना उसाच्या फडात शिरला, आणि कृष्णेचा आवाज कधी डावीकडून, कधी उजवीकडून. एवढंच. भूत दिसलंच नाही. मी पन्नाशीला आलो, तरी त्या बांधावरून रात्री एकटा जात नाही.

नवे लोक चुकतात ते इथं:

- भूत लगेच दाखवतात. आधी कंदील, चिखल, भुंकणारी कुत्री अचानक गप्प होणं, यात वेळ काढ.
- 'एका गावात' म्हणतात. तुमच्याच मळ्यातली विहीर घे, सकाळी पोरांना नेऊन दाखवता आली पाहिजे.
- शेवटी बोंबलतात. धाकटं रडलं की गोष्ट संपली, वर ताईची बोलणी तुला.

धाकट्याला मांडीवर घे. पहिल्या वर्षी तरी गोष्टीतला माणूस घरी पोचू दे. आणि 'जेव, नाहीतर मुंजा येईल' असलं कधीच नको, त्यानं गोष्टीची पार रया जाते.

आजीकडून तिच्याच शब्दांत एकदा ऐकून घे. मावशी वेगळं सांगेल, सांगू दे.

लाईट गेली तर इन्व्हर्टर लावू नकोस.