स्मिथ अँड वेसन ६४२ की रुगर एलसीआर? अमेरिकेत रोज जवळ बाळगण्यासाठी

दोन्ही स्वसंरक्षणासाठी बाळगायची छोटी, हलकी रिव्हॉल्व्हरं. दोन्हींची नळी पावणेदोन इंचांहून जेमतेम लांब, दोन्हींत .३८ स्पेशल या मापाची पाचच काडतुसं. त्यामुळे कागदावरची तुलना सोडा आणि नेमबाजीच्या रेंजवर दोन्ही भाड्याने घेऊन चालवून बघा.

माझं मत एलसीआरकडे झुकतं, कारण तिचा ट्रिगर. दोन्ही फक्त डबल अ‍ॅक्शन, म्हणजे दर वेळी लांब ओढ. एलसीआरची ओढ सलग आणि मऊ लागते, नेम कमी हलतो. शिवाय तिची पुढची माशी, म्हणजे नळीच्या टोकावरची नेम धरायची खूण, बदलता येते. साध्या ६४२ची नळीचाच भाग असते. ६४२ मात्र खिशातून जास्त सफाईने निघते, असं मला वाटतं.

सात यार्डांवरून सुरुवात करा. आधी दोन्ही हातांनी, मग एका हाताने, सावकाश. जी काडतुसं रोज भरणार तीच थोडी तरी झाडून बघा. अशा हलक्या रिव्हॉल्व्हरमध्ये धक्का इतका बसतो की न झाडलेल्या काडतुसातली गोळी पुंगळीतून पुढे सरकू शकते आणि सिलिंडर अडकतो. म्हणून चार झाडा, पाचवं काढून नव्या काडतुसाशेजारी धरून लांबी ताडून बघा. फरक दिसला तर तो ब्रँड बाद. धक्का सोसवत नसेल तर १४८ ग्रेन (गोळीचं वजन) वॉडकटर, म्हणजे सपाट तोंडाच्या गोळीची काडतुसं घ्या. हाताला खूपच सुसह्य.

.३५७ मॅग्नम या जास्त ताकदीच्या काडतुसाच्या मोहात पडू नका. एवढ्याशा नळीतून आवाज आणि जाळच जास्त! बाळगण्याचे नियम राज्यागणिक वेगळे आहेत, ते आधी बघा.